एका नाकाची दोन घड्याळं

आमच्या माळावर चहा करणारी काशीबाई एकदा ग्लायडरमध्ये डोकं घालून बराच वेळ आत बघत राहिली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "अगो सुमनबाय, चार घड्याळां हायत आत, नि येकबी येळ सांगत न्हाय. तुझ्या बापाचा धंदा बुडवशील तू."

तिचं काही चुकलं नव्हतं. श्रीवर्धनच्या पेठेत आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. अण्णांचे हात पुढे पुढे थरथरू लागले, तेव्हा बारीक कामं मी करू लागले. केसाएवढी कमान चिमट्याने बसवायची तर श्वास रोखावा लागतो, आणि श्वास रोखून गप्प बसणं हे मला घरात कधी जमलं नाही तरी दुकानात जमायचं. एके दिवशी दिघे कप्तान दुकानात आले. विमानदलातून निवृत्त झालेला गडी, मिशा अशा की बोलायच्या आधी त्याच हलायच्या. त्यांनी रुमालातून विमानातली एक गोल डबी काढली आणि अण्णांना म्हणाले, हिचा काटा अडकतो, बघा. अण्णांनी ती माझ्याकडे सरकवली. खाऱ्या हवेने आतला आस गंजला होता. मी तो साफ करून दिला, आणि पुढच्या आठवड्यात कप्तान तशा आणखी डब्या पिशवीत भरून घेऊन आले. त्यांच्याच आग्रहाने मी हरिहरेश्वराच्या वाटेवरच्या माळावर, ग्लायडिंग क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, टेबल मांडून बसले. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता आणि विमानाची दुरुस्ती करणारी मुलगी हा गावाला चघळायला चांगला विषय होता.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. लाकूड, कापड आणि सरस. माळाच्या टोकाला इब्राहिमभाईंचं विंच होतं, म्हणजे एका जुन्या ट्रकच्या इंजिनावर बसवलेला मोठा रहाट. इब्राहिमभाई उमेदीत आगबोटीवर इंजिन सांभाळायचे, त्यामुळे ते विंचला 'बोट' आणि माळाला 'डेक' म्हणत. रहाट फिरला की तार गुंडाळली जायची आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. वर गेलं की तार सोडून द्यायची. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो कड्यावर आपटून वर उसळतो, आणि त्या उसळीवर ग्लायडर कड्याच्या कडेकडेने तासन्‌तास हिंडू शकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे. मजा होतीच, पण ती वरच्याची. खाली टेबलाशी बसणाऱ्याच्या डोक्यात कायम एकच विचार असतो, की त्या चार डब्या खरं बोलताहेत ना.

एक उंची सांगायची, एक दिशा, एक आपण चढतोय की उतरतोय ते, आणि एक वेग. चढ-उतार सांगणाऱ्या डबीला मागे हवेची एक बाटली जोडलेली असते. तिच्यातली हवा गरम-थंड होऊन चालत नाही, म्हणून ती थर्मासची असते. ती एकदा फुटली. मुंबईहून नवी यायला वेळ होता आणि कप्तानांना तर दुसऱ्याच दिवशी उडायचं होतं. मी त्यांचाच चहाचा थर्मास उघडला, आतली काच काढली आणि बसवून टाकली. काटा झकास चालला. कप्तान वरून आले ते खुशीत, शिट्टी वाजवतच, आणि मग त्यांनी चहा मागितला. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते.

उंचीची डबी तपासायची माझी पद्धत साधी होती. ती टोपलीत घालायची, समुद्राच्या काठाशी काटा शून्यावर आणायचा आणि पायवाटेने माळावर चढायचं. माळाची उंची सरकारी नकाशात दिली होती, तेवढी डबीने दाखवली की ती पास. वाटेतल्या बायका विचारायच्या, टोपलीत काय गं? मी सांगायचे, आजारी आहे, हवापालटाला नेतेय. एकीने खरंच झाकण उचलून बघितलं आणि तिच्या तोंडावरचे भाव बघून मी वाटेतच बसकण मारून हसले.

पण खरा जीव असतो तो वेगाच्या डबीत. इंजिन नसलेलं विमान सतत थोडं थोडं खाली घसरत असतं आणि त्या घसरण्यातूनच त्याला वेग मिळतो. नाक वर केलं की वेग कमी होतो, खाली केलं की वाढतो. वेग फार कमी झाला तर पंखांना हवा उचलून धरत नाही आणि विमान कोसळतं. फार वाढला तर लाकडी पंख मोडायची भीती. उंची डोळ्यांना अंदाजे कळते, दिशा समुद्र बघून कळते, पण वेग मात्र नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तो मोजायची युक्ती अशी, की ग्लायडरच्या नाकाखालून एक पितळी नळी पुढे आलेली असते. तिच्यात वारा शिरतो, डबीतली पातळ पत्र्याची कुपी फुगते आणि काटा फिरतो. वारा जितका जोरात, तितकी कुपी फुगीर. एवढंच शास्त्र, बाकी सगळी निगा. त्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करू नये म्हणून मी तिला लाल कापडाची टोपी शिवली होती. उडायच्या आधी ती काढायची, उतरलं की घालायची.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी पावसाळा संपताना कप्तानांनी सांगितलं की दिवाळीनंतर ते पुण्याला कायमचे जाणार. त्यांच्या पत्नीच्या तब्येतीला खारी हवा सोसत नव्हती. शिकवणारा नाही तर क्लब नाही. ग्लायडर ट्रकवर चढून त्यांच्यामागे पुण्याला जाणार, विंच भंगारात जाणार, आणि माझं टेबल पुन्हा पेठेत येऊन गजराच्या घड्याळांना लागणार. ही वेळ टाळायला एकच माणूस होता, वैद्य मास्तर. हायस्कुलात गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी कप्तानांकडे उडायला शिकायचे. अंगाने काटकुळे, चष्मा जाड, बोलणं इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत पोरं वहीत चित्र काढून मोकळी व्हायची. पण कप्तान म्हणायचे, याचे हात सोन्याचे आहेत. मुंबईहून परीक्षक येणार, मास्तर त्यांच्यासमोर कड्यावरून एकट्याने उडून नेमून दिलेल्या जागी उतरणार, आणि पास झाले तर त्यांना शिकवायचा परवाना मिळणार. परीक्षक एकदाच येणार होते, पुढच्या वर्षाचा कोणी भरवसा देत नव्हतं.

परीक्षकांचा निरोप आला की कड्यावर, पाण्याच्या इतक्या जवळ उडायचं तर वेग सांगणारं दुसरं, राखीव साधन हवं. पहिलं बंद पडलं तर दुसऱ्यावर उतरता आलं पाहिजे. मागणी रास्त होती. अडचण अशी, की ग्लायडरच्या लाकडी फळीवर चार भोकांत चार डब्या बसलेल्या, आणि फक्त एका भोकाला जागा उरलेली. त्या पाचव्या भोकात काय बसवायचं यावर आमच्या शेडमध्ये जेवढी भांडणं झाली तेवढी पेठेतल्या निवडणुकीतही झाली नव्हती. इब्राहिमभाई म्हणाले, खरं घड्याळ बसवा, माणसाला नमाजाची वेळ तरी कळेल. अण्णांचं मत पडलं की आणखी एक होकायंत्र हवं, समुद्र जवळ आहे. कप्तानांचं आधीच ठरलं होतं. त्यांच्याकडे विमानदलातली एक वेगाची डबी होती, चकचकीत, अंक रात्रीही चमकणारे. तिची रबरी नळी पहिल्या डबीच्या नळीला जोडली की काम झालं.

मी म्हटलं, त्याला राखीव म्हणत नाहीत. कप्तानांच्या मिशा हलल्या. ते म्हणाले, "सुमन, माणसाला डोळे दोन असतात ते कशासाठी?"

"डोळे दोन असू देत, कप्तानसाहेब," मी म्हटलं, "पण या दोघांना नाक एकच आहे. ते चोंदलं की दोघंही गेले."

त्यांना ते पटलं नाही असं नाही. पण दुसरी नळी बसवायची तर पंखाचं कापड उसवावं लागणार, मग पुन्हा सगळ्या मंजुऱ्या, आणि तेवढा वेळ नव्हता. शिवाय डबी त्यांची होती, आणि बहुतेक विमानदलातली तेवढीच आठवण त्यांनी जपली होती. चकचकीत डबी पाचव्या भोकात बसली. मी ती माझ्या हाताने बसवली आणि हट्टाने दुसरं काम हाती घेतलं, ज्याला भोकच लागणार नव्हतं.

बिस्किटांच्या डब्याचा पत्रा हाताच्या पंजाएवढा कापला. आमच्या दुकानातल्या भिंतीवरच्या एका निकामी घड्याळाची कमान त्याच्या मागे लावली आणि सगळं एका पट्टीवर असं बसवलं, की वाऱ्याने पत्रा मागे ढकलला जावा आणि कमानीने तो पुढे ओढावा. वारा जितका जोराचा, पत्रा तितका मागे. नळी नाही, कुपी नाही, काच नाही. पंखाला आधार देणाऱ्या दांडीवर, वैमानिकाच्या नजरेसमोर बाहेर बांधायचं. कप्तानांनी त्याला बघताक्षणी 'पापड' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

पापडाला वेगाच्या खुणा करायच्या, तर कप्तानांची जीप घेऊन आम्ही सकाळी ओहोटीला पुळणीवर गेलो. वारा अजून पडलेला होता. जीपच्या नाकावर नळी बांधली, तिला जोडलेली तपासलेली डबी माझ्या मांडीवर, पापड समोरच्या काचेच्या दांडीला. कप्तान गाडीचा वेग हळूहळू वाढवत न्यायचे, मी डबीत वेग बघायचे आणि मास्तर वाकून खिळ्याने पट्टीवर रेघ ओढायचे. आम्ही दोन-तीन खेपा केल्या तोवर काठावर मासळी वाळत घालणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. काशीबाई तिथेही होतीच. ती ओरडली, "मासली सुकत घातलीय हितं, गाडी तिकडशी न्या. नि सुमनबाय, त्या मास्तराला खाली सोड, पडल तो." मास्तर पडले नाहीत. त्यांनी प्रत्येक रेघ दोनदा तपासली. मग मी फार कमी वेगाच्या भागाला लाल रंग दिला, चालेल त्याला हिरवा, आणि फार जास्त वेगाला पुन्हा लाल.

परतताना मास्तरांनी त्यांच्या सावकाश पद्धतीने विचारलं, समजा दोन्ही डब्या एक सांगू लागल्या आणि पापड दुसरंच, तर मी बहुमताने जायचं का? मी पुन्हा तेच सांगितलं, दोघांना नाक एकच आहे, त्यांचं मत एकच धरा. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला.

परीक्षक नेमके दसऱ्याच्या दिवशी आले. गोरेपान, शिस्तीचे, इस्त्रीचे कपडे, प्रत्येक नटाला हात लावून बघणारे. पाचव्या भोकातली डबी बघून त्यांनी समाधानाने मान हलवली. पापडाकडे बघून विचारलं, हे काय? कप्तानांनी घाईघाईने सांगितलं, ते काही नाही, आमच्या सुमनची हौस. मी लाल टोपी काढली, नळीत बघितलं, डब्या तपासल्या आणि सही केली. सगळं चोख होतं.

आणि मग पूजा झाली. दसऱ्याला हत्यारांची पूजा असते; आमची हत्यारं म्हणजे ग्लायडर, विंच आणि माझं चिमट्यांचं तबक. झेंडूच्या माळा आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या. विंचला हार घालायचा मान इब्राहिमभाईंचा, तो ते दर वर्षी हौसेने घ्यायचे. ग्लायडरची पूजा खरं तर कप्तान करत, पण पाहुणा घरी आलेला, तेव्हा त्यांनी तबक परीक्षकांच्या हातात दिलं. त्या शिस्तीच्या माणसाचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यांनी बूट काढले, कुंकू पाण्यात कालवलं, त्यात अक्षता भिजवल्या आणि ग्लायडरचं कपाळ शोधू लागले. ग्लायडरला कपाळ कुठलं असणार. पुढे आलेली, सोन्यासारखी चमकणारी गोष्ट एकच होती. त्यांनी पितळी नळीच्या टोकाला अंगठ्याने घट्ट टिळा लावला आणि हात जोडले. आम्ही सगळ्यांनीच हात जोडले.

नळीच्या तोंडाशी ओलं कुंकू मला दिसलं. वाटलं, बाहेरच्या काठाला लागलं असेल. हात पुढे जात होता, पण नुकता लावलेला टिळा कोणी पुसतं का? तोही पाहुण्याने लावलेला, तोही मास्तर उडणार त्याच दिवशी? माळावर उभ्या असलेल्यांपैकी एकाच्याही हातून ते झालं नसतं. नारळ फुटला, प्रसाद वाटला गेला, ऊन तापलं, खारा वारा सुटला. मास्तर चष्मा पुसून आत बसले.

विंच घरघरलं, तार ताणली आणि ग्लायडर वर चढलं. पुढे वर काय झालं ते मास्तरांनी नंतर सांगितलं. तारेवर चढत असतानाच दोन्ही काटे वर सरकू लागले. थांबेनात. तार सुटली तेव्हा दोन्ही काटे लाल रेघेच्या पार गेले होते, अगदी बरोबरीने, जुळ्या भावांसारखे. त्यांचं म्हणणं असं, की वेग भयंकर आहे, पंख मोडतील, नाक वर घे. पापड हिरव्यात होता. त्याचं म्हणणं असं, की सगळं ठीक आहे. नाक वर घेतलं असतं तर खरा वेग घसरला असता आणि कड्यावरून थेट खडकावर.

कारण सोपं होतं. नळी बंद झाली की कुपीत माळावरची दाट हवा कोंडून राहते. वर बाहेरची हवा विरळ, म्हणून कुपी फुगत जाते आणि काट्याला वाटतं वारा वाढला. म्हणजे जितकं उंच जाल तितका वेग जास्त दिसणार. मास्तरांनी ते वरच ओळखलं. पण ओळखण्याच्या आधी एक क्षण असतो, ज्यात माणूस कशावर विश्वास ठेवायचा ते ठरवतो. त्या क्षणी ते गणित करत बसले नाहीत. त्यांनी दोन्ही डब्यांकडे बघणं सोडलं आणि पापडाकडे बघितलं.

आम्हाला खाली काहीच कळलं नव्हतं. ग्लायडर कड्याच्या कडेने हिरव्या पाण्यावर सरळ रेषेत गेलं, वळलं, परत आलं. परीक्षक खुशीत कप्तानांना म्हणाले, हात चांगला आहे. ग्लायडर माळावर खाली येऊ लागलं आणि चुन्याने आखलेल्या चौकोनात येऊन अलगद टेकलं. काशीबाईने तोंडाला पदर लावला. मास्तर उतरले, पण पहिल्यांदा परीक्षकांकडे आले नाहीत. माझ्याकडे आले.

"सुमनताई," ते म्हणाले, "जरा नाकात काय आहे ते बघा."

मी नळी सोडवली, आतून बारीक तार घातली आणि टोक तळहातावर ठोकलं. कुंकवाचा वाळलेला गोळा पडला, आणि त्यात तांदळाचा दाणा, अखंड, लालभडक.

मास्तरांनी वर काय घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं. परीक्षकांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडे. तो अजून लाल होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, कारण मला एकाच वेळी रडू आणि हसू येत होतं, आणि मास्तर जिवंत समोर उभे होते याचा आनंद इतका होता की दोन्हीपैकी काय बाहेर येईल याची खात्री नव्हती. शेवटी परीक्षकांनीच हळू आवाजात विचारलं, दोन्ही काटे एकच सांगत होते, तरी तुम्ही त्या पत्र्याचं ऐकलंत. का?

मास्तरांनी त्यांच्या नेहमीच्या चालीने उत्तर दिलं. "साहेब, त्या दोघांना नाक एकच आहे. मला आधीच सांगून ठेवलं होतं."

कप्तानांनी माझ्याकडे बघितलं. मिशा हलल्या. ते वाकले, आत हात घातला आणि आपली चकचकीत डबी स्वतःच सोडवू लागले. परीक्षकांनी त्यांना थांबवून तबक पुन्हा मागवलं. कुंकू घेतलं आणि नेम धरून, जपून, पापडाच्या पत्र्यावर मधोमध टिळा लावला. मग मास्तरांचा हात धरून म्हणाले, परवाना पुढच्या टपालाने येईल.

तो आला. क्लब पुढे बरीच वर्षं चालला, मास्तरांनी गावातली आणि मुंबईची कितीतरी मुलं उडवली. मग त्यांची बदली झाली, सरस सुटू लागला, लाकूड जुनं झालं आणि ग्लायडर एक दिवस कायमचं शेडमध्ये राहिलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, ते लपवत नाही. परीक्षेनंतर कप्तानांनी आपली डबी काढून घेतली, पण पाचवं भोक रिकामं ठेवायला ते तयार नव्हते. पुण्याला जाण्याआधी अण्णांच्या दुकानातलं एक खरं घड्याळ त्यांनी स्वतः त्यात बसवलं. इब्राहिमभाई खूश झाले. काशीबाईने आत डोकं घालून खात्री करून घेतली आणि म्हणाली, "आता येक तरी खरा बोलताय."

पापड माझ्याकडे आहे, खिडकीशी टांगलेला. वारा सुटला की आजही हिरव्यात जातो. मास्तर आता काठी टेकत चालतात, पण दसऱ्याला न चुकता येतात, सोनं देतात आणि तबक मागतात. पापडाला टिळा लावतात. अक्षता मात्र वाहत नाहीत. त्या बाजूला काढून माझ्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, सुमनताई, या तुमच्या डोक्यावर टाका, मी होतो म्हणून तुमचं टेबल माळावर टिकलं असं लोक म्हणतात, पण खरं ते उलटं आहे, तुम्ही होतात म्हणून मी टिकलो.